अर्धं नाव

पहिला दांडा इंद्रभानच्या उजव्या मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. तिसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच ऐकला आणि दौलतराव पाटलांच्या गोठ्यातल्या शेणात तो तोंडावर पडला. पाटलांचा गडी धनसिंग दांडा उगारून उभाच होता. मालकाने मान हलवली असती तर त्याने डोकंही फोडलं असतं.

"पुरे," बाजेवरून दौलतराव म्हणाले. "तोंड शाबूत ठेवलं तुहं, याद ठेव. लेक गेली, रडाचं असन तर रड. पन आमच्या बोरखडीच्या नावामांगं तो शब्द जोडला, तर तुले गाडीत घालून मेडशीले पोचवा लागन."

"कोन्ता शब्द?" इंद्रभानने रक्त थुंकत विचारलं. त्याला तो पाटलांच्या तोंडून ऐकायचा होता.

पाटील तसे कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "हिरीत पाय घसरला तिचा. फौजदारानं तसंच लिवलं," ते म्हणाले, आणि धनसिंगने त्याला काखेत धरून वेशीबाहेर टाकलं.

तो शब्द म्हणजे खून. इंद्रभानच्या गाण्यांत दुसरं काही नसेच. त्याच्या गावी, मेडशीला, नांगराची चार तासं निघतील एवढीच जमीन, ती बायको सांभाळी. हा डफ घेऊन रिसोडच्या बाजारात उभा राही आणि 'चिंचखोऱ्याचा खून', 'टेकाडीचा खून', 'काळ्या नाल्याचा खून' गाई. कुऱ्हाड कशी पडली, आतडं कसं बाहेर आलं, हे तो असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याचा हात आपसूक पोटावर जाई. "इंद्रभान, एखांद्या गान्यात लगीन लाव ना गा," असं कुणी छेडलं तर म्हणे, "लगनाले पंगत लागते. खुनाले लोकं फुकट जमतात."

गाण्याला नाव कसं द्यायचं, हे त्याला उस्ताद रामधनबुवांनी शिकवलं होतं. नाव द्यायचं ते गावाचं, मेलेल्याचं कधीच नाही. मेलेल्याला नावाने पुकारलं की त्याचा जीव मागे ओढला जातो, त्याची पुढची वाट सुटत नाही. आणि पुकारायचं ते अर्धंच. गावाचं नाव घ्यायचं, डफावर थाप मारायची आणि थांबायचं. उरलेला शब्द बाजाराने ओरडायचा. "ज्यानं नाव पुरं केलं, तो गानं सोडून हालत नाई," बुवा म्हणत. ते खरंच होतं. बांगडीवाल्या, हमाल, बंदोबस्ताला आलेला शिपाई, सगळे चवीने ओरडत, "खून!" आणि मग उन्हात उभे राहत.

लोकांच्या लेकी मेल्या तेव्हा इंद्रभानला या शब्दाचं वजन कधी कळलं नाही. जावे त्याच्या वंशा, हेच खरं.

घरी चतुराबाईने बांबूच्या कामट्या लावून त्याचा हात बांधला. तो ओरडला, पण तिने हात हलका केला नाही.

"लेकीले म्या न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "टाळू आत गेली व्हती. पोटात पान्याचा थेंब नोहता. तिच्या शेजारची गोमतीबाई मले न्हानीजवळ सांगून गेली. भाकर उशिरा आनली म्हनून जावयानं, त्या जगदेवनं, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मांगच्या बोथट बाजूनं हानलं, अन् मंग हिरीत लोटलं. फौजदारापुढं गोमतीबाईची दातखीळ बसली."

"मले ठाऊक हाये."

"मंग बाजारात म्हन. साऱ्या जगाचे खून म्हटले तुमी. आपल्या लेकीच्या टायमाले जीभ काहून अडते?"

"जगदेव पाटलाच्या भावकीतला हाये. बोरखडीचं नाव घेतलं तर जित्ता ठेवनार नाईत. मी मेलो त मेलो, तुले घरात जाळतीन."

चतुराबाईने कामटीवर दोरी ओढली. "गावाचं नाव नोको ना त्याईले? नोको घेऊ. आपल्या पोरीले नाव नोहतं काय?"

"तसं पुकारू नाई. बुवायनं सांगतलं हाये. तिले ओढ लागन."

तिने गाठ आवळली. मग म्हणाली, "लागू द्या. येईन त माह्याजवळच येईन ना."

बाजाराच्या दिवशी डफ चतुराबाईच्या हातात होता. बाईमाणूस डफ घेऊन उभी, म्हणून लोक पाहायला जमले. पुढेच जगदेव होता, हातात लाठी. त्याच्यामागे धनसिंग. बोरखडीची आणखी पोरं गुळाच्या गाड्याजवळ पांगून उभी होती.

पंचफुलाला पाळण्यात घालून नाव ठेवलं तेव्हापासून इंद्रभानने लेकीला मोठ्याने हाक मारली ती फक्त शेतातून, जेवायला ये म्हणून. आता त्याने तीच हाक काढली.

"पंचफुलाचा..."

चतुराबाईने डफावर थाप मारली. वेडीवाकडी बसली, पण वाजली.

तो थांबला. गावाचं नाव त्याने घेतलं नव्हतं आणि तो शब्दही उच्चारला नव्हता. बाजार क्षणभर गोंधळला. मग एक म्हातारी बांगडीवाली, सवयीनेच असेल, म्हणाली, "खून." तिच्यामागून हमाल म्हणाले. मग सगळा बाजार ओरडला.

जगदेवची लाठी इंद्रभानच्या खांद्यावर आली. तो गुडघ्यावर बसला. दुसरी कानशिलावर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तो उठला आणि पुन्हा म्हणाला, "पंचफुलाचा..."

"खून!"

या वेळी धनसिंगचेही ओठ हलले. वर्षानुवर्षं बाजारात उभं राहून लागलेली सवय, ती कुठे जाते. जगदेवने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि आपली उगारलेली लाठी खाली केली. तो निघाला तेव्हा त्याला कुणी मारलं नाही, पण कुणी वाटही दिली नाही. अंग चोरत, एकेकाला घासत त्याला जावं लागलं. आपण पाहिलं आहे हे त्याला कळावं म्हणून लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते.

मग बाजार इंद्रभानकडे वळला. नाव पुरं केलं होतं, आता गाणं ऐकल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं. पण गाणं नव्हतंच. कुऱ्हाड कशी पडली, टाळू कशी फुटली, याची एक ओळही त्याला जोडता आली नव्हती.

चतुराबाईने डफ खाली ठेवला आणि पदराने त्याच्या डोळ्यातलं रक्त पुसलं. लोक उन्हात उभेच राहिले. इंद्रभान त्यांच्या डोक्यांवरून बोरखडीच्या वाटेकडे पाहत होता. नावाने हाक तर मारली होती.