समासराव

वाचनाने माणूस मोठा होतो. हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या जिन्यात पितळी अक्षरांत लावलेलं आहे आणि एकतीस वर्षं मी रोज त्याच्याखालून वर जातोय. माझी उंची होती तेवढीच आहे. काही वाढ झालीच असेल तर ती कमरेच्या पट्ट्याच्या भोकांत मोजावी लागेल.

मी ग्रंथपाल नाही. ग्रंथपालबाई आतल्या खोलीत बसतात आणि सह्या करतात. मी सहायक. पुस्तक देणं, परत घेणं, तारखेचा शिक्का मारणं, फाटलेलं चिकटवणं आणि कुणी मोठ्याने बोललं तर त्याच्याहून मोठ्याने ‘शांतता’ म्हणणं, ही माझी कामं. यात सुख काय, असं लोक विचारतात. लोकांना काय कळतंय! शाईचं पॅड नवं असताना पहिला शिक्का कसा उमटतो ते त्यांनी पाहिलेलं नाही. सकाळी मी कादंबऱ्यांच्या फळीवर पट्टी धरून सगळी पुस्तकं एका रेषेत आणतो. पहिला वाचक येईपर्यंत, म्हणजे साधारण चार मिनिटं, जग जसं असायला हवं तसं असतं. औषधांच्या दुकानाचे मालक आमचे जुने सभासद. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकाला खोकल्याच्या औषधाचा वास येतो. सर्दी झाली की मी ते पुस्तक तासभर टेबलावरच ठेवतो. नाक मोकळं होतं.

पण सगळ्यात मोठं सुख दुपारी तीनला. तेव्हा गर्दी नसते. मी परत आलेली पुस्तकं उघडून बसायचो आणि समासात कुणी पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर खोडायचो. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. डाव्या तळव्याने पान दाबून धरायचं, पांढरं खोडरबर शिवणीकडून कडेकडे एकाच दिशेने फिरवायचं, नाहीतर पान चुरगळतं. मग दाढीच्या जुन्या ब्रशने चुरा झटकायचा आणि पुस्तक वजनाखाली ठेवायचं. माझ्या हातून गेलेल्या पानावर कुणी काही लिहिलं होतं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच तर पंचाईत आहे.

बहुतेक लोक समासात ‘वा!’ लिहितात किंवा दुधाचा हिशेब करतात. पण एक गडी वेगळा होता. बारीक, ताठ अक्षर, आणि ओळ अशी की खोडरबर हातातच राहावं. एका कादंबरीत नायक म्हणतो, मी तुझी मरेपर्यंत वाट पाहीन. समासात: ‘पान ८० पर्यंत पाहिली.’ एक प्रवासी लेखक डोंगरापुढे निःशब्द होतो. समासात: ‘गप्प झालो म्हणतो आणि दोन पानं बोलतो.’ एका नायिकेने रेशमी साडीत आठ जणांचा स्वयंपाक केला, कपाळावरची बट हलली नाही. समासात: ‘भांडी कोण घासणार? लेखक?’ आणि ज्या वाक्याला तो मुळीच दयामाया दाखवायचा नाही, त्याच्यापुढे ठरलेला शेरा: ‘असं कोणी बोलत नाही.’

मी त्याचं नाव समासराव ठेवलं. राव कशावरून? एवढी अक्कल म्हणजे पुरुषच असणार, हे मला इतकं उघड वाटलं की मी त्यावर विचारच केला नाही.

घरी आम्ही तिघं. दादा, वहिनी आणि मी. माझं लग्न राहून गेलं. कुणाचा दोष नाही, रविवारी वाचनालय चालू असतं. वहिनी या घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तिची शाळा सातवीत सुटली ती कायमची. ती माझ्या पेन्सिलींना स्वयंपाकघरातल्या सुरीने टोक काढून द्यायची. तसं टोक नंतर कुठल्याच यंत्राने निघालं नाही. सामानाची यादी मात्र ती मला तोंडीच सांगायची. दादाच्या नावाचं वाचनालयाचं कार्ड होतं, नंबर २१४. त्याच्यावर मी दर आठवड्याला दोन पुस्तकं घरी न्यायचो. वहिनी सांगायची, “भाऊजी, यांच्यासाठी जरा जाडसं आणा.” दादा जेवल्यावर पुस्तक छातीवर ठेवून झोपायचा. पुस्तक श्वासाबरोबर वरखाली व्हायचं. त्याचं वाचन असं फुप्फुसांनी चालायचं.

जेवताना मी समासरावांचे शेरे सांगायचो.

“वहिनी, ऐक आज काय लिहिलंय गड्याने! पुस्तकात वाक्य आहे, ‘माणूस शेवटी एकटाच असतो.’ आणि हा बाजूला लिहितो, ‘दुपारी एक ते चार.’”

दादा हसायचा, कारण मी हसायचो. वहिनी वाढता वाढता म्हणायची, “हो का? हुशार दिसतोय.”

“हुशार? अगं, चांगला शिकलासवरलेला असणार.”

“असेल. मग खोडलंत?”

“खोडणारच. नियम आहे.”

“नियम आहे म्हटल्यावर काय,” असं म्हणून ती आत जायची.

असं चौदा वर्षं चाललं. चौदा वर्षांत एखादी वही करावी, शेरे उतरवून ठेवावेत, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. रोज मिळतं त्याची वही कोण करतो?

समासराव कोण, याचा मी तपासही केला. संशय पहिला निवृत्त हेडमास्तरांवर. पेन्सिल हातात देऊन त्यांना एक अर्ज भरायला लावला. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, अर्ज भरला नाही, तपासला, आणि दहापैकी चार गुण दिले. मग वकील, मग दातांचे डॉक्टर. शेवटी मी शेरे असलेल्या चाळीस पुस्तकांमागच्या चिठ्ठ्या समोर मांडल्या. कुणी कुठलं पुस्तक नेलं त्याचे नंबर त्यावर असतात. चाळीसही चिठ्ठ्यांवर असलेला नंबर शोधायचा, एवढंच काम. एक नंबर मी आधीच गाळून टाकला होता, कारण तो आपल्या घरचा. बाकीच्यांत काही जुळलं नाही. मी गूढ कायम असल्याचं जाहीर केलं.

मग ते पुस्तक आलं. त्यात एक ग्रंथालयातला माणूस होता, ‘पुस्तकांच्या सहवासाने ज्ञानी झालेला’. समासात: ‘सहवासाने होत असतं तर कपाट झालं असतं.’

नायक, नायिका, डोंगर, सगळ्यांची टिंगल मला चालत होती. हे मात्र झोंबलं. तो शेरा मी घरी सांगितला नाही. आमच्याकडे ‘पुस्तकात लिहू नये’ अशा चिठ्ठ्या चिकटवायला ग्रंथपालबाईंची कायमची परवानगी आहे. त्या परवानगीत मी माझ्या हाताने थोडी भर घातली: ‘पुस्तकात लिहू नये. ज्याला स्वतः एक पान लिहिता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या पानावर शहाणपण करू नये. आधी शाळेत जावे.’ शेवटचं वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं. त्याच्या दोनशे प्रती काढून मी कादंबऱ्यांच्या कव्हरांच्या आत चिकटवल्या. खळ उत्तम लावली. त्यातल्या दोन कादंबऱ्या त्या शनिवारी मी स्वतःच्याच पिशवीतून घरी नेल्या.

समास कोरे झाले. ग्रंथपालबाईंनी बैठकीत माझं कौतुक केलं. तीन वाजता मी खोडरबर काढून बसायचो आणि ‘वा!’ खोडायचो. दुसऱ्या महिन्यात मला करमेनासं झालं. समासराव गाव सोडून गेले असतील, आजारी असतील, काय काय मनात यायचं. जेवताना सांगायला काही उरलं नाही; आम्ही तिघं भाजीबद्दल बोलायला लागलो. त्याच सुमाराला वहिनी म्हणाली, “पुस्तकं आता नका आणू. डोळे दुखतात.” कुणाचे डोळे, दादासाठी आणतो ना, असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, “बरं.”

दोन वर्षं तिचे डोळे दुखत राहिले. अखेर मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि बोलका. त्याने जवळचं वाचायचं कार्ड तिच्या हातात दिलं. वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी.

“जमेल तेवढं वाचा हं, काकू. घाई नाही.”

वहिनीने ते सगळं एका दमात वाचून काढलं. मुंग्यांसकट. “‘सकाळी सारे कुटुंब एकत्र बसून न्याहारी करते आणि आई सर्वांना हसतमुखाने वाढते.’”

“अरे वा! शेवटच्या ओळीपर्यंत!”

“वाचलं. पण असं कोणी बोलत नाही,” वहिनी कार्ड परत देत म्हणाली. “सारं कुटुंब एकत्र बसलं म्हणे. मग वाढतंय कोण?”

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसला. माझ्या हातात तिची पर्स होती. ती मी घट्ट धरली, कारण धरण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

“काकू, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. वाचायचं का सोडलंत?”

“एकाने सांगितलं, आधी शाळेत जा.” ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत होती. “म्हटलं, खरंच आहे. शाळा झाली की बघू.”

“कोण असं म्हणालं?” डॉक्टर हसतच होता.

“असतात शिकलेली माणसं.”

बाहेर बसथांब्यावर आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मी घसा खाकरला. एकतीस वर्षं लोकांना ‘शांतता’ सांगणाऱ्या माणसाला बोलायची वेळ आली की जे होतं, ते झालं.

“वहिनी, ती चिठ्ठी...”

“कुठली?”

“पुस्तकातली. मला माहीत नव्हतं, की...”

“अक्षर छान आहे तुमचं,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. बस आली बघा.”

दुसऱ्या दिवशी मी त्या नंबरांच्या चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. चाळीसपैकी चाळीस, २१४. मग सगळं एकेक करून कळत गेलं आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त लाज वाटली. तिला ठाऊक होतं की तिचं लिहिलेलं एकच माणूस वाचणार, वाचून खोडणार आणि संध्याकाळी तिलाच येऊन सांगणार. चौदा वर्षं ती माझ्याशी बोलत होती. कपाटाचा शेरा ही दिराची थट्टा होती. घरात तोंडावर केली असती तर मी पोट धरून हसलो असतो.

दुपारी एक ते चार आमच्या घरी कोण असतं, याचाही विचार मी तेव्हा केला.

ते ‘एकटाच असतो’वालं पुस्तक शोधून काढलं आणि पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पेन्सिल दाबून लिहिली की कागदाला वण राहतो, एवढीच आशा. पण मी कामाला चोख. खूप वेळ बघितल्यावर ‘चार’ दिसल्यासारखं वाटलं. ते खरं दिसलं की मला हवं होतं म्हणून दिसलं, सांगता येत नाही. उरलेल्या एकोणचाळीस पुस्तकांत तेवढंही नाही. मग दोनशे चिठ्ठ्या सोलून काढायला बसलो. खळ उत्तम होती, त्यामुळे कव्हराचा कागदही सोबत आला. आता प्रत्येक कादंबरीच्या आत बिस्किटाएवढा पांढरा डाग आहे. ग्रंथपालबाईंना मी वाळवी सांगितली.

शनिवारी नवी कादंबरी घरी नेली. जाड, तीनशे सेहेचाळीस पानं, समास ऐसपैस. मुद्दाम वाईट निवडली. पहिल्याच पानावर नायिका चंद्राशी बोलते. आत एक पेन्सिल ठेवली. टोक मी स्वतः सुरीने काढलं, तीनदा मोडलं, अंगठा कापला. पुस्तक ओट्यावर ठेवून म्हणालो, “दादासाठी नाही. तुझ्यासाठी आहे.”

“अंगठ्याला काय झालं?”

“काही नाही.”

“हळद लावा,” ती म्हणाली आणि पुस्तक फळीवर सरकवलं.

पंधरा दिवस मी काही विचारलं नाही. दादाच्या छातीवर वर्तमानपत्र वरखाली होत होतं. सोळाव्या दिवशी पुस्तक माझ्या पिशवीत होतं, पेन्सिल आत नव्हती. वाचनालयात पोचून मी फळीवर पट्टी धरली नाही, शिक्क्याची तारीख बदलली नाही. पहिल्या पानापासून सुरुवात केली. चंद्रापुढे काही नव्हतं. नायकाने मरेपर्यंत थांबायचं वचन दिलं, तिथेही नाही. कुणीतरी दहा जणांचा स्वयंपाक केला आणि भांडी तशीच राहिली, समास कोरा. दोन वाचक टेबलाशी येऊन खाकरले, तरी मी पानं उलटत राहिलो.

अगदी शेवटच्या पानावर, मजकूर संपतो त्याच्या खाली, बारीक ताठ अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘अंगाचा साबण, बल्ब, सुया.’

ते मी खोडलं नाही. साबण आणि बल्ब त्याच संध्याकाळी आणले. सुया विसरलो.