दुर्बिणीला बांधलेली माळ

नार्नूरच्या त्या घरात अश्विनी सून म्हणून आली, तेव्हा तिच्या सामानात एक दुर्बीण होती. सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, त्याच हिवाळ्यात तिच्यातून एकदा पाहिलं, "काईच दिसत नाई" म्हणाल्या, आणि तेव्हापासून दुर्बिणीचं नाव नळकांडं पडलं. चूक अश्विनीचीच होती म्हणा. सोबत फुकट आलेल्या आयपीसांपैकी, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगांपैकी, सगळ्यात मोठं दाखवणारं तिने हौसेने लावलं होतं. नवशिक्याचं असंच असतं, मोठं दिसावं म्हणून जीव टाकायचा आणि हाती यायचा तो धुरकट डाग.

मग ती शिकली. महागड्यांकडे ढुंकूनही न पाहता तिने बारा मिलिमीटरचं एक साधं आयपीस मागवलं. कमी मोठं दाखवणारं, पण स्वच्छ. आता दाखवायचं कोणाला? नवरा, भारत, तर ती विकून टाक म्हणत होता. वर्षभर मनधरणी केल्यावर खंडेनवमीच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज पाहीन. एकडावच. नाई दिसलं त मंग मले पुन्यांदा इचारू नको."

दुपारी अश्विनीने अंगणात दुर्बीण मांडली. नळीवर आणखी एक छोटी दुर्बीण असते, आकाशातली वस्तू हुडकायला. ती मोठीच्या रेषेत आणायचं काम उजेडातच बरं. तिने सोबत आलेलं, सगळ्यात कमी मोठं दाखवणारं पंचवीस मिलिमीटरचं आयपीस लावून गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरचं टोक मधोमध धरलं, मग स्क्रू फिरवत फिरवत तेच टोक छोटीतल्या फुलीवर आणलं. झकास जमलं. ती खुशीत स्वयंपाकाला लागली.

तिकडे कौशल्याबाईंनी विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप यांची पूजा केली आणि कोणी न सांगता दुर्बिणीलाही कुंकू लावून झेंडूची माळ बांधली. वाऱ्याने पडू नये म्हणून चांगली करकचून, छोट्या दुर्बिणीवरून दोन वेढे घेऊन.

ते पाहून अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची वस्तू पहिल्यांदाच या घरची झाली होती.

दिवेलागणीनंतर पूर्वेला शनी वर आला. तिने तो फुलीवर घेतला आणि मोठ्या दुर्बिणीत पाहिलं. काळोख. इकडे हलवली, तिकडे हलवली, काळोखच. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, दोऱ्याच्या ताणाने छोटी दुर्बीण तिरकी झाली होती. माळ सोडावी तर पूजा मोडते. ती उतरवायची दसऱ्याला, आणि तीही सासूबाईंच्याच हाताने. सासूबाई तर मागे पदर सावरून उभ्या. अश्विनी अंदाजाने चाचपडत राहिली.

"राहू दे माय," म्हणून कौशल्याबाई घराकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच अश्विनीला लागलं.

"आत्याबाई, थांबा. तुमची माळ आडवी येऊन राह्यली."

एवढ्या धिटाईने ती सासूशी कधी बोलली नव्हती. कौशल्याबाई थबकल्या.

"मंग सांगाव नाई का?" त्यांनी ओट्यावरचा, पूजेतलाच विळा उचलला आणि माळ कापून टाकली. "लाव आता."

टॉवरवर लाल दिवा लागला होता. त्याच्यावर अश्विनीने पुन्हा रेष जुळवली, मग शनी धरला, आणि तो मधोमध आल्यावर बाराचं आयपीस बसवलं. कौशल्याबाई वाकल्या. एक डोळा मिटून दुसरा काचेला लावला.

"गोल हाय. अन् त्याले कडं हाय."

"हो."

"साफ दिसून राह्यलं."

"मागच्या खेपेला काच बरोबर नव्हती, आत्याबाई. म्हणून नाही दिसलं."

कौशल्याबाई सरळ झाल्या. सुनेकडे वळल्या.

"हे तवाच काऊन नाई सांगतलं? मले वाटलं, माहे डोयेच चालले. वर्षभर भेवून कोनालेच बोलली नाई मी."