कोरी बोटे

"बाई, तुमची बोटं कोरी आहेत," ठसेवाला म्हणाला.

काचेच्या पट्टीवर तिने पुन्हा तर्जनी ठेवली. पडद्यावर करड्या धुक्यासारखे काहीतरी उमटले आणि त्याभोवती लाल चौकट आली. ठसेवाल्याने काच पुसली, तिचे बोट पुसले, नंतर स्वतःचा चष्माही पुसला. लाल ते लालच राहिले.

"काम काय करता?"

"रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे."

"मग बरोबर. गवंडी, धोबी आणि तुम्ही लोक." त्याने तिच्या नवऱ्याकडे मान वळवली. "साहेबांचे बघा, छापून ठेवावेत असे आलेत."

नवरा प्राथमिक शाळेत शिकवत असे. सगळे गाव त्याला मास्तर म्हणे, म्हणून तीही म्हणे. त्याची दहाही बोटे पहिल्याच फेरीत हिरव्या चौकटीत बसली होती. मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्यांवर कधी गुन्हा नोंदला गेला आहे का, हे पोलीस या ठशांवरून तपासत. ठसे नसतील तर अर्ज समितीपुढे जात नसे, आणि समितीच्या येत्या बैठकीत अर्ज गेला नाही तर पुढच्या बैठकीपर्यंत दोघांच्या वयाची बेरीज नियमाच्या बाहेर पडत होती. मग तान्हे मूल मिळणार नव्हते.

"महिनाभर हात जपा आणि परत या," ठसेवाला म्हणाला.

जिना उतरताना मास्तर म्हणाला, "काळजी करू नकोस. निदान तुला चोऱ्या तरी बिनधास्त करता येतील."

ती हसली नाही. बोटे कोरी का, हे तिला माहीत होते: कारखान्यातल्या द्रावकांनी त्वचेचे वरचे थर झिजवले होते, यात अपमानास्पद काही नव्हते. तरीही तिला अपमान वाटला. मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे सुया तिने टोचून घेतल्या होत्या, भूल तिने घेतली होती. मास्तरने दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या पेशंटांची मुले खेळवली होती. आता यंत्रही त्याच्याच बाजूचे निघाले.

यंत्र एकवेळ परवडले असते. पण घर पाहायला आलेल्या समाजसेविकेने तासभर बसून जे प्रश्न विचारले, त्यांतले बहुतेक मास्तरला विचारले. "मूल रात्री रडलं तर काय कराल?" यावर ती म्हणाली, "आधी कारण शोधीन." मास्तर म्हणाला, "मीही रडेन, म्हणजे ते गप्प होईल." समाजसेविका इतकी हसली की तिचा चहा बशीत सांडला. जाताना दारात म्हणाली, "सर तर जन्मजात बाबा आहेत हो!" जन्मजात या शब्दाला कोणताही पुरावा नव्हता. ती रात्रभर त्या शब्दावर कुढली.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "बोटांवर रेघ नाही म्हणजे काय गं? असं कुठं असतं का? आमच्याकडे नव्हतं बाई कुणाचं."

"तुमच्याकडे कुणी तपासलं होतं का, आई?"

"तोंडाने मात्र पक्की आहेस."

ठरल्याप्रमाणे तिने हात जपले. कारखान्यात दुहेरी हातमोजे, घरी मलम आणि वरून सुती मोजे. भांडी, धुणे, न्हाणीघर सगळे मास्तरकडे गेले, आणि तो ते गुणगुणत करी. शिवाय संध्याकाळी मागच्या लहान खोलीच्या भिंतींचा जुना चुना काचकागदाने घासून काढी. बाळाची खोली, असे तो म्हणे. भिंत नव्याने चुन्याने रंगवायची होती. ती दारात उभी राहून पाही. मोजे घातलेल्या हातांनी कशालाही हात लावता येत नव्हता, आणि खोली दिवसेंदिवस त्याची होत चालली होती.

घरातले रबरी हातमोजे मास्तरच्या पंजाला लहान पडत. चुना आणि धुण्याचा क्षार हातांचे काय करतात, हे तिच्याइतके नेमके त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेत एखादी शिकाऊ मुलगी उघड्या हातांनी असे काही करताना दिसली असती, तर तिने तिला फैलावर घेतले असते. मोठ्या मापाचे हातमोजे कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेले होते. तिने ते आणले नाहीत.

महिन्यानंतर तिची बोटे हिरवी झाली. डावी करंगळी जरा रेंगाळली, मग तीही बसली.

"शाबास," ठसेवाला म्हणाला. "आता साहेब, या."

"माझे झालेत की!"

"जोडप्याचे ठसे एकाच दिवशीचे लागतात. मागचे बाद झाले."

मास्तरने हसत अंगठा ठेवला. लाल. दुसरा ठेवला. लाल. तर्जनी. लाल.

तिला बरे वाटले. भीती त्यामागून आली, पण मागूनच आली. हा क्रम तिने स्वतःशी नोंदवला.

"आज नाही जमलं तर?" मास्तरने विचारले.

"मग जिथं जिथं राहिलात, तिथल्या पोलिसांचा दाखला. प्रत्येक गावचा."

मास्तरच्या बदल्या सहा गावांत झाल्या होत्या. बैठक चार दिवसांवर होती. तो बोट जोराने दाबू लागला. नख पांढरे पडेपर्यंत. रेघांचे झिजलेले उंचवटे दाबले की सपाट होतात, कोरडे बोट नीट उमटत नाही, हे तिला कळत होते. एवढे वाक्य बोलायला दोन श्वास पुरले असते. तिने मधले बोट लाल होऊ दिले. मग अनामिका.

मास्तरने हात मागे घेतला. "असं करता येईल का? हिचं झालंय, तर हिचं एकटीचं नाव पुढे जाऊ दे. माझ्यामुळे हिला थांबायला नको."

म्हणजे इथेही मोठेपणा त्यालाच! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दाबू नकोस, मास्तर!" ती जवळजवळ ओरडली. "आण इकडे हात."

तिने पर्समधले मलम काढले, त्याच्या बोटांना चोळले, रुमालाने टिपले आणि त्याचा पंजा आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवला. त्याची कातडी खरखरीत झाली होती. तिला ती ओळखू आली नाही.

"बाई, हात मी धरायचा असतो," ठसेवाला म्हणाला.

"मग धरा. पण हलकेच. काचेला नुसतं टेकवा."

अंगठा हिरवा झाला. पुढची बोटे तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकेक करून बसली. ठसेवाल्याने कळ दाबली, अर्ज पुढे गेला.

बाहेर रस्त्यावर मास्तर तिच्याशेजारून चालू लागला. मग म्हणाला, "दाबायचं नाही, हे तुला आधीपासून माहीत होतं."

"हो."

"मग गप्प का राहिलीस?"

"बरं वाटत होतं."

तो थांबला. "आणि मोठे हातमोजे आणले नाहीस, ते?"

"तेही."

मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, तसे दोघे कडेला झाले. मास्तर आपल्या बोटांकडे पाहत होता.

"बाळ आलं आणि त्याने आधी माझ्याकडे झेप घेतली तर?"

"तर मी जळेन."

"आणि तुझ्याकडे घेतली तर?"

तिने विचार केला. "तर तुला कळेल, कसं वाटतं ते."

मास्तर यावर हसला नाही. तिला ते बरे वाटले.