खोट्या मापाचा पेला

मित्रांनो, मी एक जुना मापाचा पेला आहे. इंगा परत येणार नाही हे ज्या मंगळवारी कळले, त्या दिवशी मी धुऊनपुसून टेबलावर मांडलेला होतो.

टेबल मॅन्सीने मांडले होते. मॅन्सी रेंडल हा आमच्या बेटावरच्या एकुलत्या एका पबचा मालक आणि इंगा त्याची बायको. ती रविवारी तपासणीसाठी ॲबर्डीनच्या इस्पितळात गेली होती. जाताना सांगून गेली, "मंगळवारी सकाळच्या विमानाने येते. वर्ग अकरा वाजता आहे. चहा पातळ कर, नाहीतर व्हिस्कीऐवजी रम दिसते."

मॅन्सीने तसेच केले. रिकाम्या बाटलीत कोरा चहा गाळून भरला, सहा ग्लास ठेवले आणि मधोमध मला ठेवले. अकराला चार जण येऊन बसले. यादीतले पाचवे नाव मॅन्सीचे स्वतःचेच होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मॅन्सीने ऐकले, "बरं" म्हणाला आणि ठेवला. मग तो टेबलापाशी आला आणि एकेक ग्लास उलटा करून ठेवायला लागला.

"आज वर्ग नाही," तो म्हणाला.

"विमान चुकलं का तिचं?" कोणीतरी विचारले.

"नाही. विमान आलं असेल. ती नाही आली. ती आता येणार नाही."

कोणीतरी मला उचलून तिच्या पिशवीत ठेवले आणि चेन ओढली. ती पिशवी काउंटरखाली गेली. अंधारात दुसरे काम नसते, त्यामुळे मागचे सगळे आठवते. तेच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म शेफील्डच्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या पत्र्यातून मला दाबून काढले. मी दिसतो शिंप्याच्या अंगुस्तानासारखा, फक्त थोडा मोठा. माझ्या काठावर मुकुटाचा शिक्का आहे. तो सरकारी माणसाने मारला होता. याचा अर्थ असा, की माझ्यात जेवढे मावते तेवढेच खरे, कमी नाही आणि जास्त नाही. तुम्ही अजून लहान आहात, माझ्यात काय ओततात त्याच्याशी तुमचा संबंध नाही. पण माप म्हणजे काय ते तुम्हालाही कळते.

मी या पबमध्ये आलो तेव्हा मॅन्सीचे वडील काउंटरमागे उभे राहत. नंतर मॅन्सी राहू लागला. त्याचा हात सैल. माझ्यात ओतताना तो नेहमी काठावरून सांडायचा आणि सांडलेले ग्लासातच जायचे. मग शेजारच्या बेटावरून इंगा कामाला आली. पहिल्याच आठवड्यात तिने मला त्याच्या हातातून काढून घेतले.

"मॅन्सी, तुझ्या हाताला डोळे नाहीत."

"माया आहे ना?"

"मायेनं माणसं घरी पोचत नाहीत. मापानं पोचतात."

पुढच्या वर्षी त्यांचे लग्न झाले. ती मला काठाला काठ भरायची. एक थेंब सांडायचा नाही. रोज काम संपल्यावर ती मला गरम पाण्याने धुऊन फडक्यावर उपडा ठेवायची. तेवढे सुख मला नंतर कोणी दिले नाही.

मग कायदा बदलला. जुनी मापे गेली, मिलिलिटर आले. माझ्यात सव्वातीन-साडेतीन मिलिलिटर जास्त मावते, एवढाच माझा गुन्हा. नवा चकचकीत पेला आला आणि मी खणात गेलो. बुचे, सुतळी, मोडकी चावी यांच्यात मी चौदा वर्षे पडून होतो. शिक्का माझ्या काठावर तसाच होता, पण त्याला आता किंमत नव्हती.

चौदा वर्षांनी आणखी एक कायदा आला. दारू वाढणाऱ्या प्रत्येकाने आधी शिकायचे. कोणाला द्यायची, कोणाला नाही, नाही कसे म्हणायचे. पब चालवणाऱ्याने तर परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि दर पाच वर्षांनी उजळणी करून पुन्हा परीक्षा द्यायची. परवाना असतो दहा वर्षांचा. म्हणून आमच्याकडच्या बऱ्याच लोकांनी तो भिंतीवर लावला आणि दहा वर्षांसाठी विसरून गेले. मधली उजळणी राहिली आणि परवाने गेले. एका बेटावर तर दोन वर्षे लोक होडीत बसून पलीकडे बिअर प्यायला जात होते.

इंगा विसरली नाही. ती नुसती शिकली नाही, शिकवायलाही लागली. पन्नाशीला आलेली बाई पिशवी घेऊन बोटीने या बेटावरून त्या बेटावर जायची. पहिल्या वर्गाच्या आदल्या दिवशी तिने खण उघडला आणि मला बाहेर काढले.

"कायद्यानं तुला बाद केलं ना?" ती मला म्हणाली. "चल, आता मास्तर हो."

तिचा वर्ग असा असायचा. प्रत्येकाने बाटलीतला चहा नुसत्या नजरेने ग्लासात ओतायचा, एका पेगाइतका. मग ती तो माझ्याने मोजायची. कोणाचे दीड निघायचे, कोणाचे दोन. वीस वर्षे काउंटरमागे काढलेल्या माणसाचे हमखास सगळ्यात जास्त.

"हे माप खोटं आहे," ती मला वर धरून सांगायची. "पण तुमच्या हातापेक्षा खरं आहे."

दुसरा धडा फेरीचा. आमच्याकडे मित्र एकत्र बसले की एकेक जण आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवतो. तिला फेरी म्हणतात. फेरी चुकवणारा माणूस चिकट समजला जातो. त्यामुळे एखाद्याला पुरे झाले तरी त्याचा मित्र त्याच्यासाठी मागवतच राहतो. इंगा म्हणायची, "एकाला नाही म्हणायचं तर त्याच्या फेरीलाही नाही म्हणा. नाहीतर तुम्ही नकार दारातून दिला आणि ग्लास खिडकीतून."

तिसरा धडा नकाराचा. त्यासाठी एक माणूस झिंगलेला व्हावा लागायचा. आमच्या पबमध्ये वर्ग असला की डेविक इझबिस्टर न बोलावता यायचा. डेविक सत्तरीचा, खेकडे आणि शेवंडी धरणारा. तो मॅन्सीला 'पोरा' म्हणतो. आमच्या बेटावर साठीच्या माणसालाही पोरा म्हणतात, त्यात अपमान नाही.

"परीक्षा नको मला, मी हा धडा जन्मभर गिरवलाय," तो म्हणायचा आणि खुर्चीवर वाकडा बसून टेबल ठोकायचा. "ए इंगा! अजून एक! आणि या पोराला एक, चेहरा बघ त्याचा, बायको मेल्यासारखा!"

सगळे हसायचे. मॅन्सीही हसायचा.

इंगा काउंटरमागून ओरडायची नाही. ती बाहेर यायची, त्याच्या खांद्याशी उभी राहायची, पाण्याचा ग्लास आणि जवाची भाकरी ठेवायची आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "आज एवढंच, डेविक. उद्या मी इथेच आहे."

मग वर्गाकडे वळून सांगायची, "शेवटचं वाक्य विसरू नका. माणसाला नकाराचा राग येत नाही. आपल्याला हाकलताहेत असं वाटलं की राग येतो."

मित्रांनो, ते वाक्य मी अकरा वर्षे ऐकले.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. ते आणि पुढच्या तीन महिन्यांतले मी पाहिले नाही, काही पिशवीतून ऐकले, काही नंतर कळले. इंगाला मातीत ठेवून लोक पबमध्ये आले. अशा दिवशी आमच्याकडे प्रत्येकाच्या हातात ग्लास देतात. मॅन्सी म्हणाला, "आज मापून नाही." आणि तो हाताने ओतत राहिला. नवा पेला त्याच्या शेजारीच होता. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "डेविकलाही एक, तो तिचा फार लाडका." कोणी मोजले नाही. कोणी त्याच्या खांद्याशी जाऊन उभे राहिले नाही. मी पिशवीत होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

संध्याकाळी डेविक धक्क्याच्या उतारावर घसरला. मनगट मोडले. उन्हाळा तोंडावर, आणि त्याचे खेकडे धरायचे पिंजरे किनाऱ्यावर पालथे पडून राहिले.

त्या दिवसापासून मॅन्सी ओतायचा तर नव्या मापानेच, पण कोणाकडे बघायचा नाही. जून गेला. परवाना मंडळाचे पत्र आले. एकतीस ऑगस्टपर्यंत उजळणीची परीक्षा दिली नाही तर परवाना रद्द. परवाना गेला की पब बंद. मॅन्सीने पत्र वाचून घडी केली आणि गल्ल्याच्या मागे खोचले.

जुलैत डेविक आला. हात गळ्यात.

"पोरा, पत्र आलं म्हणे."

"आलं."

"मग?"

"मग काय. जाऊ दे परवाना. तीस वर्षं तिच्या शेजारी उभा राहिलो आणि तिच्याच दिवशी तिचा धडा विसरलो. मला कशाला हवा कागद?"

"माझं मनगट मोडलं, आणि रडतोयस तू?"

मॅन्सी फडक्याने काउंटर पुसायला लागला.

"हे बघ," डेविक म्हणाला. "मी पुष्कळ ठिकाणी पडलोय. तुझ्या दुःखाला माझं मनगट टेकू म्हणून वापरू नकोस. आणि पब बंद केलास तर मी नकार ऐकायला जाऊ कुठं? घरी मांजर आहे, ते काही बोलत नाही."

 दुसऱ्या दिवशी मॅन्सीने वर्गासाठी फोन केला.

बारा ऑगस्टला आयल्सा फुबिस्टर बोटीने आली. ती आठ वर्षांपूर्वी इंगाच्या वर्गात बसली होती आणि आता स्वतः शिकवते. त्या मंगळवारचे चौघेही परत आले. टेबल तेच होते. तिने सामान मांडले आणि इकडेतिकडे पाहिले.

"पेला कुठे आहे?"

"काउंटरवर आहे की," मॅन्सी म्हणाला.

"तो नाही. खोटा."

 मॅन्सी वाकला, पिशवी काढली आणि चेन उघडली. तीन महिन्यांनी मला उजेड दिसला. त्याचा चेहरा दिसला. तो म्हातारा झाला होता. पिशवीत चहाची बाटलीही होती, तिला आतून हिरवी बुरशी चढली होती. मॅन्सी ती घेऊन आत गेला. नळ पुष्कळ वेळ चालू होता. बाहेर आला तेव्हा बाटली स्वच्छ होती आणि तिच्यात पातळ चहा होता.

पहिला धडा झाला. मॅन्सीने नजरेने ओतले. आयल्साने माझ्याने मोजले. अडीच निघाले.

"वर्गात पहिला!" डेविक ओरडला. त्याला कोणी बोलावले नव्हते.

मग नकाराचा धडा आला. डेविक वाकडा बसला. एका हाताने टेबल ठोकले. पण या वेळी तो नेहमीचे वाक्य बोलला नाही. नुसते म्हणाला, "अजून एक."

आयल्सा म्हणाली, "मॅन्सी, तुम्ही."

मॅन्सीने पाणी घेतले. भाकरी घेतली. काउंटरला वळसा घालून तो बाहेर आला आणि डेविकच्या खांद्याशी उभा राहिला. प्लास्टर आदल्या दिवशीच निघाले होते. ते मनगट पातळ आणि पांढरे दिसत होते. मॅन्सी त्याच्याकडे बघत राहिला.

"आज एवढंच, डेविक," तो म्हणाला.

पुढचे वाक्य येईना.  इंगाने हे वाक्य रविवारपर्यंत म्हटले होते आणि मंगळवारी ते खोटे ठरले होते. ते परत म्हणायचे म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होते.

डेविक खाली बघत हळू म्हणाला, "मी वाट बघतोय, पोरा. मला घरी जायचंय."

"उद्या," मॅन्सी म्हणाला. "उद्या मी इथेच आहे."

डेविकने पाणी पिऊन टाकले आणि भाकरी खिशात घातली. "मांजराला," तो म्हणाला.

दुपारी परीक्षा झाली. मॅन्सी पास झाला. प्रमाणपत्र घेऊन त्याने त्याच दिवशी मंडळाला पाठवायचा कागद भरला.

आता मी पिशवीत नसतो आणि खणातही नसतो. मी गल्ल्याशेजारी असतो. अजून खोटाच आहे, पण मॅन्सी मला रोज धुऊन फडक्यावर उपडा ठेवतो. त्याच्या हाताला तिची सवय लागली आहे. सांडायचा मात्र तो अजून सांडतो.

मित्रांनो, जुनी वस्तू बाद झाली म्हणून टाकू नका, तिच्याजोगे काम शोधा. आणि आपल्या माणसाला कधी नाही म्हणायची वेळ आली तर लांबून म्हणू नका. जवळ जाऊन उभे राहा. मी साधा पेला आहे, मला एवढेच कळते. इंगाला जास्त कळत होते. तिला विचारावे असे रोज काहीतरी निघते.

एक सांगायचे राहिले. त्या दिवशी मॅन्सीने दोन लिफाफे तयार केले. एक त्याच्या परीक्षेचा. तो दुसऱ्या दिवशीच्या बोटीने गेला आणि मंडळाचे उत्तरही आले. दुसऱ्या लिफाफ्यात इंगाचा परवाना आहे. माणूस गेल्यावर तो परत पाठवायचा असतो आणि सोबत एका ओळीत तसे लिहून द्यायचे असते. परवाना आत घातला आहे. पत्ता लिहिला आहे. तिकीट लावले आहे. सोबतचा कागद वाऱ्याने उडू नये म्हणून मॅन्सीने मला त्यावर ठेवले आहे. बोट रोज येते आणि जाते.

ती एक ओळ अजून लिहायची आहे.