आकडा झाकणारी चौकट

अकरा वर्षांपूर्वी एका परिचारिकेचं मला पत्र आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र दोन पानी होतं, पण मागणी एकाच वाक्याची: "तुमची चौकट औषधाच्या आकड्यावरच उघडते, एवढं चौकशी समितीला लिहून द्या."

चौकट माझीच होती. इस्पितळात थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप असतात. त्यांच्या स्क्रीनवर काय, कुठे आणि कोणत्या शब्दांत दिसावं, हे मी ठरवत असे. मी जात्याच भित्रा. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणारा. प्रत्येक बटणानंतर मी "खात्री आहे का?" अशी चौकट घातली. पंप चालू करताना, थांबवताना, अगदी त्याचा आवाज कमी करतानासुद्धा.

माझ्या हाताखाली एक चुणचुणीत मुलगी होती. ती म्हणाली, "काका, एका ड्यूटीत शंभरदा विचारणार तुम्ही. लांडगा आला रे आला होईल. कोणी वाचणार नाही."

"विचारलेलं बरं असतं."

"आणि चौकट मधोमध येते. मागचा आकडा झाकला जातो."

"आकडा त्यांनी आधी पाहिलेला असतोच की."

"मग विचारता कशाला?"

मी वयाने मोठा असल्याचा आधार घेतला. चौकट तशीच राहिली.

पत्र लिहिणारी ती परिचारिका पंपात पाचचा आकडा टाकायला गेली आणि पन्नास पडला. चौकट आली, तिने नेहमीसारखं "हो" दाबलं. रोगी दुपारपर्यंत गेला. तिची नोंदणी रद्द होण्याची वेळ आली, तेव्हा तिने मला लिहिलं. पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीचा वकील म्हणाला, "एक अक्षर लिहायचं नाही." मला तेवढं निमित्त पुरलं. समितीने सगळा दोष तिच्या माथी मारला. मी ती बातमी पेपरात वाचली आणि पेपर रद्दीत ठेवला.

गेल्या महिन्यात पत्नीचं खुब्याचं हाड मोडलं. तिच्या खाटेशी पंप होता; कंपनी दुसरी, चौकट मात्र हुबेहूब तीच. परिचारिकेने पटापट चार वेळा "हो" दाबलं. तिची नजर पत्नीच्या चेहऱ्यावर होती, स्क्रीनवर नव्हतीच.

"सिस्टर, वाचलंत का ते?"

"आजोबा, ते वाचायचं नसतं, दाबायचं असतं. वाचत बसले तर आजींना औषध उद्या मिळेल."

"पण आकडा..."

"झाकला जातो ना! ज्याने हे केलंय, त्याला एक दिवस इथे उभा करा."

"उभा कशाला," पत्नी म्हणाली, "बसलाय की."

सिस्टरला ती थट्टा वाटली. ती हसत पुढच्या खाटेकडे गेली. पत्नी हसत नव्हती.

"अहो, त्या पत्र पाठवणाऱ्या नर्सला अजून लिहिलं नाहीत ना?"

"अकरा वर्षं झाली. आता काय उपयोग?"

"उपयोग आहे की नाही, ते तिला ठरवू दे. तुम्ही लिहा."

मी तिथेच स्टुलावर बसून लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात सात वेळा "कदाचित" होतं. पत्नीने आडवं पडल्या पडल्या सातही खोडले. "आणि हे 'माझ्या अल्पमतीनुसार' काय? मती अल्प होती, हे तिला कळलंय आधीच."

शेवटी उरलं ते असं: चौकट मी आखली. ती आकडा झाकते, हे मला आधी सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं नाही. वारंवार येणाऱ्या प्रश्नामुळे तो न वाचण्याची सवय लागते, हेही सांगण्यात आलं होतं. तुमचं पत्र मला मिळालं होतं. भीतीपोटी मी गप्प राहिलो. फेरविचारासाठी अर्ज करणार असाल तर हे पत्र जोडा. साक्षीला मी येईन.

खाली पूर्ण नाव, कंपनीतलं पद आणि सही.

परिचारिकेच्या पत्राचं पाकीट मी घरी ठेवलेलं होतं; त्यामागचा तिचा पत्ता मी नव्या पाकिटावर उतरवला. ती अजून तिथे राहते का, ते मला माहीत नाही. ती आता काय काम करते, तेही माहीत नाही. टपाल कचेरीत रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. कारकुनाने वजन केलं, शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.