एकच हात, एकच वाटी

गाईने गवताला तोंड लावलं आणि अख्खं मैदान ओरडलं.

ओरडण्यासारखंच होतं ते. सकाळपर्यंत जिच्या तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या, जिने कित्येक दिवसांत काडीही चावली नव्हती, ती पांढरी गाय आता हिरव्यागार पेंढीवर तुटून पडली होती. लोक एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून पाहत होते. कुणी रडत होतं, कुणी मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होतं. आणि चौथऱ्यावर, मऊ गादीवर, दाढी कुरवाळत घासमहाराज बसले होते.

"बोला, कुणी खायला लावलं? डॉक्टरने?"

"नाही!" मैदान गरजलं.

"सरकारच्या पाटीने?"

"नाही!"

"मग मी लावलं का? छे छे! मी कोण? मी तर साधा नळ. पाणी वरून येतं. नळाचे पाय धरू नका बाबांनो." इथे महाराजांनी धरण्याच्या सोयीने पाय पुढे केले. "पण नळ बंद करायला कुणी आलं, तर मात्र गप्प बसू नका!"

टाळ्या पडल्या. गाईचं दावं हातात धरून उभ्या असलेल्या चाखणकाकूंनी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यांना चाखणकाकू म्हणत, कारण पेंड आंबली का, भुश्याला बुरशी लागली का, हे त्या जिभेला लावून ठरवत. घरात गोठा त्यांच्या हाताखाली होता आणि कारभार मोठ्या दिरांच्या. दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, हीच गाय मागच्या मेळाव्याला 'संरक्षणासाठी' म्हणून इथे आणली होती. तेव्हा ती ठणठणीत होती. महाराजांनी तिच्या तोंडात बोट फिरवलं आणि काही दिवसांतच ती लाळ गाळू लागली, लंगडू लागली. मग गोठ्यातली दोन वासरं गेली. एक नुकतंच उड्या मारायला लागलेलं, एक अजून दुधाच्या फेसाने नाक माखून घेणारं. संध्याकाळी चांगली होती, सकाळी आडवी. भाऊजी महाराजांना विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "घरात कुणाचा तरी भाव कमी पडला." आणि भाऊजींनी घरी येऊन बघितलं ते काकूंकडे.

वासरं पुरताना काकू रडल्या नाहीत. ज्याच्यामुळे ही गेली त्याला मी सोडणार नाही, एवढंच त्या मनाशी म्हणाल्या. पण कुणामुळे गेली, हे त्यांना अजून नक्की ठाऊक नव्हतं.

लाळखुरकुताची साथ होती. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी लागली होती : जनावरं आपापल्या गोठ्यातच ठेवा, आजारी वेगळी बांधा, निरोगी जनावरांना लस टोचून घ्या, बाजार बंद, मेळावे बंद, दारात धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवा आणि पाय बुडवूनच आत या. महाराजांनी पाटीचं एकेक कलम चौथऱ्यावरून वाचून दाखवलं होतं, नकला करत. "मुक्या जिवाला सुई? देवाच्या जनावराला सोडा? आजारी वेगळं, निरोगी वेगळं? अरे, हा भेद माणसाचा! देवाच्या दारी एकच हात, एकच वाटी!" दुसऱ्या दिवशी लोकांनी सोड्याची घमेली पालथी केली. एक घमेलं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगावर पालथं झालं.

आताही तेच चाललं होतं. पितळी वाटीतला गोड लेप महाराज बोटांवर घेत, गाईच्या हिरड्यांना, जिभेला, टाळूला चोळत. मग लांबलचक मंत्र म्हणत. तो इतका लांब की मागचे लोक खाली बसून घेत. मंत्र संपला की गवत पुढे करत आणि गाय खाई. लगेच तीच बोटं, न धुता, पुढच्या गाईच्या तोंडात.

वाटी फिरवताना एक ठिपका काकूंच्या बाहीवर पडला. घरी परतताना तो त्यांनी नखाने खरवडला आणि सवयीने जिभेला लावला. आधी गुळाचा गोडवा. त्याच्या मागून कडवट काहीतरी. आणि थोड्या वेळाने भाऊजींना "जरा हळू चाला" म्हणताना त्यांनी स्वतःचाच ओठ चावला. दुखलं नाही. ओठ आपला नव्हेच, कुणी दुसऱ्याचा आणून चिकटवलाय असं वाटलं.

असं आधी एकदाच वाटलं होतं. दाढ काढायला गेल्या होत्या तेव्हा.

दिवस मावळायच्या आत गाय पुन्हा लाळ गाळत मान टाकून उभी राहिली. गवताकडे बघेना. भाऊजी म्हणाले, "भाव कमी पडला." काकू वाद न घालता गाईचा जबडा उघडून आतले फोड बघत राहिल्या. हे भाऊजींना फार विचित्र वाटलं.

सकाळी त्या दवाखान्यात गेल्या. एका खोलीचा दवाखाना. फिनेलचा वास, घरघरणारा फ्रिज, खिडकीत वाळत घातलेले रबरी हातमोजे. काकूंनी बाही पुढे केली आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काकू, तोंड बधिर करायचं औषध आहे हे! या रोगात जनावराच्या तोंडात फोड येऊन फुटतात. भूक असते हो त्याला, पण आगीने खाता येत नाही. औषध लावलं की थोडा वेळ आग थांबते आणि ते खातं. औषध उतरलं की पुन्हा तेच."

"म्हणून तो एवढा मोठा मंत्र."

"औषध चढायला वेळ लागतो ना! मोठी जनावरं तशीही बहुतेक आपोआप सावरतात. त्याचंही श्रेय तोच घेतो. वासरांचं मात्र हृदय टिकत नाही."

"आणि तो हात?"

डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं बोट वर धरलं. "आजारी गाईच्या लाळेतून निरोगी गाईच्या तोंडात. रोगाला याहून चांगली गाडी कुठे मिळणार?"

"म्हणजे माझी वासरं त्याच्या बोटांनी मेली."

"हो काकू."

त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, हे काकूंना आवडलं. पण पुढच्या मेळाव्याला सगळीकडची निरोगी जनावरं येणार होती आणि पहिला मान भाऊजींचा होता. पांढऱ्या गाईची कालवड, दूरच्या शेडात बांधलेली म्हणून रोगातून वाचलेली, ती भाऊजी महाराजांसमोर नेणार होते. गोठ्यात तेवढंच एक निरोगी जनावर उरलं होतं.

"नमुना तपासायला पाठवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोलिसांनाही कळवते. पण अहवाल यायला वेळ लागेल."

"तोवर मी काय करू? टाळ्या वाजवू? मला सूड घ्यायचाय, बाई."

"मला हा मेळावा मोडायचाय."

"मग दोन्ही एकाच वाटीत बसतंय," काकू म्हणाल्या आणि बेत सांगितला. डॉक्टरीणबाई आधी नाही म्हणाल्या, मग हसल्या, मग गंभीर झाल्या. "एक बोटभरच हं. गिळू देऊ नका. मी चौथऱ्याजवळच उभी राहते."

मेळाव्याच्या दिवशी मैदान हंबरण्याने भरलं होतं. सगळ्यात पुढे भाऊजी, त्यांच्या मागे कालवड, आणि कालवडीचं दावं काकूंच्या हातात. काकूंनी एकच अट घातली होती : आधी महाराजांना आपल्या हातून घास भरवायचा, मग कालवड पुढे करायची. वहिनींना भक्ती सुचली, म्हणून भाऊजी आदल्या दिवसापासून खुशीत होते.

महाराजांनी वाटी उचलली. काकू हात जोडून म्हणाल्या, "महाराज, तुम्ही म्हणे रोज सकाळी हाच घास घेता?"

"यावरच जगतो, बाई! अन्न सोडून वर्षं लोटली." पोट गादीवर टेकवून महाराज म्हणाले.

"मग आज आमच्या हातून घ्या. आमची कालवड धन्य होईल."

महाराजांच्या दाढीत काहीतरी हललं. "आज... आज माझा उपास आहे."

"अमृताला कसला उपास?" गर्दीतला एक म्हातारा ओरडला. तो पक्का भक्त होता, म्हणूनच ओरडला. त्याच्यामागून सगळेच सुरू झाले. "घ्या महाराज! घ्या! आम्हाला दर्शन द्या!" स्वतःच पेटवलेल्या भक्तीच्या मधोमध महाराज अडकले. हसल्यासारखं करून त्यांनी ओठ जरासे विलग केले, जिभेच्या टोकापुरते.

काकूंना तेवढं पुरलं. त्यांनी वाटीतला लेप बोटभर उचलला. आयुष्यभर गुरांना औषध पाजलेल्या हातांना जबडा कसा धरायचा हे सांगावं लागत नाही. अंगठा ओठाच्या कोपऱ्यात गेला, तोंड उघडलं आणि काकूंचं लेपाचं बोट हिरड्यांवरून, जिभेवरून, दोन्ही गालांच्या आतून फिरलं. सावकाश, मनापासून.

"हे धाकट्या वासराचं," त्या महाराजांच्या कानाशी पुटपुटल्या. "आणि हे त्याच्या सोबत्याचं." मग मोठ्याने म्हणाल्या, "थुंका, महाराज! आता मंत्र होऊ द्या. सगळा."

महाराज थुंकले आणि त्यांनी घाईने सुरुवात केली. वाटलं असेल, लवकर आटोपून टाकू. पण मंत्र त्यांनी स्वतःच लांबवून ठेवला होता. पहिल्या ओळी खणखणीत आल्या. मग 'सर्व'चं 'थव' झालं. मग 'संकट'चं 'हंहत'. पुढच्या पोरी फिदीफिदी हसल्या. महाराज चिडून आणखी जोरात म्हणू लागले आणि तोंडातून नुसती फुरफुर बाहेर पडली. त्यांनी पाणी मागितलं, तेही खुणेने. पाणी एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. दाढीवरून लाळेची तार निघाली. ती लांब होत होत छातीपर्यंत लोंबली.

हसणाऱ्या पोरी मागे सरकल्या. ही तार तिथल्या प्रत्येकाने आपापल्या गोठ्यात पाहिली होती.

"महाराजांना रोग लागला!" कुणीतरी किंचाळलं.

"रोग नाही लागला," काकू गर्दीकडे वळल्या. "औषध लागलंय! दात काढताना लावतात ते, तोंड मेल्यासारखं करणारं. गाईची आग थांबते म्हणून गाय खाते, फोड तसाच राहतो. सांगा बरं, संध्याकाळी कुणाच्या गाईने खाल्लं? एकाच्या तरी?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटत आलं होतं की भाव फक्त आपलाच कमी पडतोय.

भाऊजी तावातावाने चौथऱ्यावर चढले. काकूंना वाटलं, आता मारतात. पण भाऊजी लोंबणाऱ्या दाढीकडे बघत राहिले. मग खाली वाकले आणि गादीमागचं झाकलेलं कापड त्यांनी ओढलं. औषधाच्या पिळून चपट्या झालेल्या नळ्या घरंगळत खाली आल्या. भाऊजींनी एक उचलली आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला. मग डॉक्टरीणबाईंनी वर येऊन तो बोटांचा प्रवास समजावून सांगितला, या गाईच्या तोंडातून त्या गाईच्या तोंडात. ज्यांची वासरं गेली होती ती माणसं गर्दीतून पुढे सरकू लागली. त्यांच्या हातात काठ्या होत्या.

"मारू नका!" काकू कडाडल्या. "मारलंत तर उद्या हा देव होऊन परत येईल. त्याचे हात धुवा आधी."

सोड्याच्या पाण्याची बादली आली. ज्या पाण्याला पाप म्हणून हिणवलं, त्यात महाराजांनी कोपरापर्यंत हात घातले. मग घमेल्यात अनवाणी उभे राहिले, भर मैदानात, दाढी गळत. "अजून चोळा," काकू म्हणत होत्या, "नखांतलं निघू दे." पोलीस येऊन घेऊन जाईपर्यंत त्या म्हणत राहिल्या.

काकूंना बरं वाटलं का? वाटलं. खूप बरं वाटलं. सूड वाईट असतो असं म्हणणाऱ्यांची वासरं गेलेली नव्हती. पण घरी येऊन दोन रिकामे खुंटे दिसले तेव्हा ते बरं वाटणं थोडं ओसरलं. भाऊजी दारात घमेलं ठेवत होते. त्यात त्यांनी आधी स्वतःचे पाय बुडवले, मग कालवडीचे. "वहिनी," ते मान वर न करता म्हणाले, "भाव माझाच जास्त झाला होता."

देव मानायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. लस टोचल्याने आणि पाय धुतल्याने कुठलाच देव रागावत नाही, आणि रागावतो असं सांगणाऱ्याचं काही ना काही गादीमागे झाकलेलं असतं. तेव्हा कुणी तुमच्या जनावराच्या, तुमच्या लेकराच्या तोंडात चमत्काराचं बोट घालायला आलं, तर ते आधी त्याच्याच तोंडात घालायला लावा. मग थोडा वेळ थांबा आणि त्याला बोलायला सांगा.