नाव पुसलं, शिडी उभीच

मी शिडी बोलतेय. लोक मला भिंतीला टेकवतात, कामापुरते वर चढतात आणि काम झालं की आडवी टाकतात. आज मात्र माझं ऐकून घ्या. आडवी पडून मी तुमचं पुष्कळ ऐकलंय.

एका सुताराने मला रंगूताईसाठी घडवलं. तिचं खरं नाव वेगळंच. पण ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, हाताचा रंग कधी गेला नाही, म्हणून सगळ्यांची रंगूताई. तिचा थोरला भाऊ, दादा, मला खालून धरायचा आणि ओरडायचा, "अगं, पडशील!" ती कधी पडली नाही. त्याचं ओरडणंही थांबलं नाही.

एके दिवशी गल्लीतले टेलरकाका आले. चारचौघांना गोळा करून त्यांनी मैत्री मंडळ काढलं होतं. समुद्रापलीकडच्या एका शहराशी आपल्या शहराचं बहिणीचं नातं जोडायचं! पगार कुणालाच नाही, धावपळ मात्र सगळ्यांना. नगरपालिकेने ठराव केला आणि वेशीच्या कमानीवर, आपल्या शहराच्या नावाखाली, रंगूताईने त्या शहराचं नाव लिहिलं. आपल्या लिपीत आणि त्यांच्याही. ती अक्षरं तिला वाचता येत नव्हती. नक्षी गिरवावी तशी तिने ती गिरवली.

मग पाहुणे यायला लागले. कधी परिचारिका, कधी शाळेची पोरं, कधी गाणारी मंडळी. हॉटेल कुणाला परवडतंय? सगळे घराघरांतच उतरायचे. आमच्याकडे एक म्हातारा गवई आला. टेलरकाका त्याला आग्रहाने म्हणाले, "बस, बस!" तो बिचारा पिशवी उचलून दारात जाऊन उभा राहिला. त्याला वाटलं, गाडी आली. हसता आलं असतं तर माझ्या पायऱ्या निखळल्या असत्या. दादा तसा घुमा, पण आठवडाभर त्या गवयाला सोडून हलला नाही. त्याला स्टेशनवर पोचवून आला तेव्हा कुणाकडे न बघता सरळ आत गेला.

पुढे दोन्हीकडच्या सरकारांचं बिनसलं. बातम्या आग ओकायला लागल्या. कालपर्यंत पाहुण्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारे नगरपालिकेचे साहेब आमच्या दारात आले.

"ताई, कमानीवरचं नाव पुसायचंय. तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच पुसा. मजुरी मिळेल."

"मी लिहायची मजुरी घेते, साहेब. पुसायची नाही."

"मग निदान शिडी द्या."

"शिडी माझी आहे."

आम्हा शिड्यांना नाही म्हणता येत नाही. कुणीही पाय ठेवावा, आम्ही भार घ्यावा, हाच आमचा जन्म. तिचं उत्तर ऐकलं आणि मी पडल्या जागी ताठ झाले.

त्यांनी दुसरी शिडी आणली. नाव पुसलं. टेलरकाका आमच्या अंगणात येऊन मटकन खाली बसले.

"संपलं गं. मंडळही बंद करा म्हणतात."

"ठराव त्यांचा होता, त्यांनी मोडला," रंगूताई म्हणाली. "पाहुणे आपले होते. आपल्या घरी जेवले, झोपले. ते कोण मोडणार?"

आणि तिने मला उचललं. घराची रस्त्याकडची भिंत, भर दुपार, बाजारातून परतणारी माणसं थांबून बघताहेत. दादा धावत आला.

"डोकं फिरलंय का तुझं? दगड येईल, दगड!"

"येऊ दे. तू आत जा."

दादा गेला नाही. पुटपुटत त्याने मला दोन्ही हातांनी धरलं. वर अक्षरं उमटत होती. कमानीवर होती त्याहून मोठी.

दगड आलाच. खिडकीची काच गेली. दादा काचा गोळा करत होता तेवढ्यात समोरची शेजारीण आली. मला वाटलं, ही आता भांडणार. ती म्हणाली, "रंगूताई, आमची भिंत रिकामीच आहे हो."

तिच्यानंतर टेलरकाकांच्या दुकानाचं शटर रंगलं. मग पुढची गल्ली.

आज मंडळाला ना खोली, ना शिक्का. पाहुण्यांची वाट अजून बंद आहे. माझा एक पाय झिजलाय, अंगावर सगळे रंग वाळलेत. एखाद्या भिंतीवर कुणी चोरून काळं फासून जातं. उजाडलं की रंगूताई मला खांद्यावर घेऊन निघते.

काळं फासणाऱ्यांनो, खुशाल या. चोरून येणाऱ्याला शिडी आणता येत नाही. जमिनीवरून हात पोचेल तेवढंच तुम्ही पुसाल. आम्ही त्याच्या वर लिहू.